बर्ड फ्लूची पावले टिपणारी शर्करांची काचपट्टी

डिसेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने जगभरच्या विषाणूशास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले. अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये पसरलेल्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूवर एक प्रथिन असते. त्या प्रथिनात एका ठरावीक जागेवरचे केवळ एक अमिनो आम्ल बदलले, तर ते पक्ष्यांच्या पेशींवरील शर्करांऐवजी माणसाच्या पेशींवरील शर्करांना चिकटू लागते, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील इयन विल्सन, जेम्स पॉलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम जिवंत विषाणू न हाताळता, प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रथिनावर केले.

एखादे प्रथिन कोणत्या शर्करेला चिकटते आणि कोणत्या शर्करेकडे पाठ फिरवते, हे कसे कळते? आणि एवढ्याशा बदलाची इतकी चिंता का करायची? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'सायलिक आम्ल' नावाच्या एका शर्करेत आणि तिचा अभ्यास करण्यासाठी गेल्या दोन दशकांत विकसित झालेल्या 'ग्लायकन मायक्रोॲरे' या तंत्रात सापडतात.

पेशीवरचे आवरण

शर्करा म्हटले की ऊर्जा देणारे ग्लुकोज किंवा मधुमेहींची रक्ततपासणी आठवते. परंतु शरीरातील प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहानमोठ्या, फांद्या फुटलेल्या साखळ्यांचे दाट आवरण असते. प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना जोडलेल्या या साखळ्यांना ग्लायकन असे म्हणतात. बाहेरून येणारा जंतू, त्याचे विष किंवा शरीरातच तयार झालेले प्रतिपिंड यांची पेशीशी पहिली गाठ पडते ती या आवरणापाशी. माणसासह सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत या साखळ्यांच्या अगदी टोकाला बहुतेक वेळा सायलिक आम्ल बसलेले असते. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन अणू असतात, तर सायलिक आम्लाच्या कण्यात नऊ. शिवाय त्यावर ऋण विद्युतभार असतो. टोकाशी असल्यामुळे पाहुण्याला सर्वांत आधी दिसते ते हेच.

या आम्लाची ओळख लाळेपासून सुरू झाली. स्वीडनचे गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईच्या लाळग्रंथीतील चिकट द्रव्यातून ते वेगळे केले. लाळेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. १९४१ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट क्लेंक यांना मेंदूतील स्निग्ध पदार्थांत अशाच प्रकारचे आम्ल सापडले आणि त्यांनी त्याला न्यूरॅमिनिक आम्ल म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आले, की फ्लूचा विषाणू मिसळला असता कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पटकीच्या जंतूपासून मिळणारे एक विकर आधी वापरले, तर हे चिकटणे थांबते, असे ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. असे विकर पेशीवरील सायलिक आम्ल कापून टाकते, हे पुढे आल्फ्रेड गॉटशाल्क यांच्या संशोधनामुळे स्पष्ट झाले. लाळ, मेंदू आणि फ्लू या तीन निरनिराळ्या वाटांनी शास्त्रज्ञ एकाच रेणूपाशी पोहोचले होते.

रक्तपेशींना चिकटणाऱ्या विषाणूच्या प्रथिनाला हिमॲग्लुटिनिन म्हणतात. एच५एन१ या नावातला 'एच' तो हाच. 'एन' म्हणजे न्यूरॅमिनिडेझ हे विकर. नव्याने तयार झालेले विषाणू पेशीतून बाहेर पडताना त्याच पेशीवरील सायलिक आम्लात अडकू नयेत म्हणून हे विकर ते कापून टाकते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत महाराष्ट्रात घरोघरी परिचित झालेले टॅमिफ्लू हे औषध सायलिक आम्लाची नक्कल करून या विकराच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचे काम बंद पाडते.

जोडणीतील फरक

सायलिक आम्ल एकाच प्रकारचे असते तर प्रश्न सोपा होता. निसर्गात त्याचे ५० हून अधिक प्रकार आढळतात. कुठे त्याच्या नवव्या कार्बनवर ॲसिटिल गट चढलेला असतो, कुठे एखादा ऑक्सिजन अणू जास्त असतो. याखेरीज ते साखळीतील पुढच्या शर्करेला कोणत्या जागी जोडले आहे, यावरही त्याचा आकार ठरतो. पुढची शर्करा गॅलॅक्टोज असेल, तर सायलिक आम्लाचा दुसरा कार्बन गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या किंवा सहाव्या कार्बनशी जोडला जातो. पहिल्या जोडणीला 'आल्फा २-३' आणि दुसरीला 'आल्फा २-६' म्हणतात. घटक तेच, पण कडी वेगळ्या ठिकाणी अडकवली की साखळीचे टोक निराळ्या दिशेला वळते.

पॉलसन यांच्या गटाने १९८३ मध्ये या फरकाचे महत्त्व दाखवून दिले. त्यांनी रक्तपेशींवरील मूळ सायलिक आम्ल काढून टाकले आणि विकरांच्या साह्याने ते हव्या त्या जोडणीने पुन्हा बसवले. माणसांतील फ्लूचे विषाणू आल्फा २-६ जोडणी पसंत करतात आणि पक्ष्यांतील विषाणू आल्फा २-३, असे या प्रयोगांत दिसले. माणसाच्या नाक, घसा व श्वासनलिकेत आल्फा २-६ जोडणीचे प्राबल्य असते. आल्फा २-३ जोडणी असलेल्या पेशी फुप्फुसात खोलवर अधिक आढळतात. बर्ड फ्लू माणसाला झाला तर बऱ्याचदा गंभीर रूप धारण करतो, मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहजी जात नाही, याचे एक महत्त्वाचे कारण येथे आहे. खोकल्यातून, शिंकेतून पसरायचे तर विषाणूला श्वसनमार्गाच्या वरच्या भागात बस्तान बसवावे लागते आणि तेथील कड्या त्याच्या ओळखीच्या नसतात.

काचपट्टी कशी घडते?

ग्लायकनांचा अभ्यास दीर्घकाळ मागे राहिला, त्याला कारणही तसेच आहे. प्रथिनांचा आराखडा जनुकांत लिहिलेला असतो, डीएनएच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. ग्लायकनांना असा थेट आराखडा नाही. अनेक विकरे एकापाठोपाठ एक काम करून त्या साखळ्या रचतात. त्यामुळे नैसर्गिक पेशींतून एकच शुद्ध ग्लायकन पुरेशा प्रमाणात मिळवणे फार जिकिरीचे ठरते. रसायनशास्त्र आणि विकरे यांची सांगड घालून असे ग्लायकन प्रयोगशाळेत बनवण्याच्या पद्धती विकसित झाल्या, तेव्हा ही कोंडी फुटली. सायलिक आम्लाचे निरनिराळे प्रकार जोडलेल्या ग्लायकनांच्या निर्मितीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शी चेन यांच्या प्रयोगशाळेचे काम विशेष उल्लेखनीय आहे.

एवढ्या कष्टाने मिळालेला ग्लायकन काटकसरीने वापरणे भाग होते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील टेन फायझी यांच्या गटासह काही गटांनी २००२ च्या सुमारास शर्करांचे सूक्ष्म ठिपके पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धती मांडल्या. २००४ मध्ये स्क्रिप्स संस्थेतील संशोधकांनी सुमारे २०० ग्लायकन काचेवर रासायनिक बंधाने पक्के केलेली पट्टी तयार केली. शर्कराशास्त्रातील संशोधकांच्या एका संघाने पुढे अशा पट्ट्यांवरील ग्लायकनांची संख्या ६०० च्या पुढे नेली. या संघाने जगभरच्या प्रयोगशाळांचे नमुने तपासून दिले आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवले.

ही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशाच साध्या काचेच्या पट्टीएवढी असते. तिच्या पृष्ठभागावर विशिष्ट रसायनाचा थर दिलेला असतो. यंत्रमानवाच्या बारीक सुया ग्लायकनच्या द्रावणाचे ठिपके त्यावर ओळीने उमटवत जातात. एका ठिपक्याचा व्यास साधारणपणे एक दशांश मिलिमीटर असतो. कोणत्या जागी कोणता ग्लायकन आहे, याची नोंद संगणकात असते आणि खात्रीसाठी प्रत्येक ग्लायकनचे एकाहून अधिक ठिपके दिलेले असतात. तपासायचे प्रथिन या पट्टीवर पसरतात, काही वेळाने पट्टी धुऊन काढतात. ज्या शर्करांना प्रथिन चिकटले असेल तेथेच ते शिल्लक राहते. प्रथिनाला जोडलेले प्रकाशमान रंगद्रव्य लेसरच्या प्रकाशात चमकते आणि किती ठिपके किती तेजाने चमकले, ते यंत्र मोजते. पूर्वी एकेक शर्करा घेऊन महिनोन्महिने करावी लागणारी तपासणी अशा रीतीने एका दिवसात आटोपते.

यात एक खुबी आहे. प्रथिन आणि शर्करा यांचा एकेकटा बंध अतिशय दुबळा असतो. विषाणूवर मात्र शेकडो हिमॲग्लुटिनिन असतात, पेशीवर असंख्य ग्लायकन असतात. वेल्क्रोच्या पट्टीतील एक आकडा सहज सुटतो, पण शेकडो आकडे मिळून ती पट्टी घट्ट धरून ठेवतात, तसेच येथे घडते. म्हणून काचेवर ग्लायकन दाट बसवतात आणि प्रथिनाचेही पुंजके करून मग ते पट्टीवर सोडतात.

चमकलेला ठिपका खरोखर सायलिक आम्लामुळेच चमकला का, हे पाहण्याचीही युक्ती आहे. परआयोडेट या रसायनाची सौम्य प्रक्रिया केली असता सायलिक आम्लाच्या शेपटीकडचा भाग तुटतो आणि बाकी साखळी शाबूत राहते. त्यानंतर प्रथिन चिकटेनासे झाले, तर ते त्या शेपटीलाच ओळखत होते, असे मानता येते.

नवापूर ते टेक्सास

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि परिसरातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. हा रोग माणसांत पसरेल काय, या प्रश्नाने त्या दिवसांत महाराष्ट्र धास्तावला होता. माणसांत तेथे लागण आढळली नाही. याच सुमारास विल्सन, पॉलसन व त्यांच्या सहकाऱ्यांचा एच५एन१ वरील निबंध 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिएतनाममधील एका रुग्णाकडून २००४ मध्ये मिळालेल्या विषाणूचे हिमॲग्लुटिनिन त्यांनी ग्लायकनच्या काचपट्टीवर तपासले होते. आल्फा २-३ जोडणीचे ठिपके चमकले, म्हणजे विषाणू अजून पक्ष्यांचाच होता. मात्र प्रथिनातील २२६ व २२८ या जागांवर बदल केले असता माणसातील काही शर्करांना ते थोडेफार चिकटू लागले. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींच्या विषाणूंत याच दोन जागांवर बदल झाले होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यानंतरच्या वर्षांत विषाणू बदलत राहिला. मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये आढळला. गाईच्या कासेत त्याला पसंत पडणाऱ्या शर्करा विपुल असतात. पुढे तेथे गोठ्यांत व कुक्कुटपालन केंद्रांत काम करणाऱ्या अनेकांना लागण झाली, बहुतेकांचा आजार सौम्य होता. टेक्सासमध्ये लागण झालेल्या एका रुग्णाच्या विषाणूचे हिमॲग्लुटिनिन स्क्रिप्सच्या संशोधकांनी निवडले आणि २२६ व्या जागेवरील ग्लुटामिनऐवजी ल्युसिन बसवले. एवढ्यानेच त्याची पसंती माणसाच्या शर्करांकडे झुकली. पूर्वीच्या एच५ विषाणूंना यासाठी एकाहून अधिक बदल लागत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडातील एका किशोरवयीन रुग्णाच्या नमुन्यात २२६ व्या जागी वेगळ्या प्रकारच्या बदलाच्या खुणा आढळल्या. तो विषाणू पुढे कोणाकडे गेला नाही आणि रुग्ण बरा झाला. डिसेंबर २०२४ मध्येच नागपूरजवळच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांना एच५एन१ ची लागण झाल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीत निष्पन्न झाले. सस्तन प्राण्यांपर्यंत विषाणू पोहोचण्याच्या घटना महाराष्ट्राला दूरच्या राहिलेल्या नाहीत.

२००३ पासून एच५एन१ ची लागण झालेल्या ९५० हून अधिक माणसांची जगभरात नोंद झाली असून त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावले. सौम्य आजाराच्या अनेक रुग्णांची नोंद होत नसल्याने प्रत्यक्ष मृत्युदर यापेक्षा कमी असू शकतो. तरीही असा विषाणू सर्दीखोकल्यासारखा पसरू लागला, तर काय होईल, या विचाराने या संशोधनाला निकड येते.

एका ऑक्सिजन अणूची करामत

जोडणीप्रमाणेच सायलिक आम्लाच्या अंगचा फरकही निर्णायक ठरतो. चिंपांझीसह बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर त्याचे दोन मुख्य प्रकार असतात, एक ॲसिटिल आणि दुसरा ग्लायकोलिल. दुसऱ्यात केवळ एक ऑक्सिजन अणू जास्त असतो. पहिल्यापासून दुसरा बनवणारे जनुक मानवाच्या पूर्वजांत सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी निकामी झाले. त्यामुळे माणूस ग्लायकोलिल प्रकार स्वतः बनवू शकत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले व पुढे सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणारे अजित वर्की यांच्या गटाने १९९८ पासून या विषयाचा पाठपुरावा केला आहे.

या एका अणूचे परिणाम काचपट्टीवर स्पष्ट उमटतात. टायफॉइड हा केवळ माणसाचा रोग का, हे कोडे जुने आहे. येल विद्यापीठातील होर्हे गालान यांच्या गटाने टायफॉइडच्या जंतूचे विष ग्लायकनांवर तपासले, तेव्हा ते ॲसिटिल प्रकाराला चिकटते आणि ग्लायकोलिल प्रकाराकडे दुर्लक्ष करते असे २०१४ मध्ये दिसून आले. ज्या उंदरांत ग्लायकोलिल प्रकार भरपूर होता, त्यांच्यावर विषाचा प्रभाव पडला नाही. याउलट ई. कोलाय जंतूच्या काही वाणांचे एक विष ग्लायकोलिल प्रकारच हुडकते, असे २००८ मध्ये आढळले. माणूस तो बनवत नसला तरी गाई-मेंढ्यांच्या मांसातून आणि काही प्रमाणात दुधातून आलेला हा प्रकार माणसाच्या पेशींवर अल्प प्रमाणात जाऊन बसतो आणि विषाला आयता थारा मिळतो. परका असल्यामुळे त्याच्याविरुद्ध माणसाच्या रक्तात प्रतिपिंडेही असतात. कोणत्या व्यक्तीत ती किती व कोणत्या साखळीविरुद्ध आहेत, हे रक्तद्रवाचा थेंब अशा पट्टीवर टाकून पाहता येते. प्राण्यांच्या पेशींपासून बनवलेली औषधे आणि हृदयाच्या झडपा यांच्या दृष्टीने या माहितीला मोल आहे.

ठिपक्यांचा अर्थ लावताना

या तंत्राच्या मर्यादाही जाणून घ्यायला हव्यात. वर्की यांच्या गटातील वेरेद पाडलर-करावानी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सायलिक आम्लाच्या विविध प्रकारांच्या दोन वेगवेगळ्या काचपट्ट्या समोरासमोर ठेवून त्यांची तुलना केली. ग्लायकन सारखेच असले तरी दोन पट्ट्यांवरचे निष्कर्ष सारखे येतील असे गृहीत धरता येत नाही, असे त्यांना दिसले. ग्लायकन काचेला कोणत्या दुव्याने जोडले आहेत, ते किती दाटीने बसले आहेत, प्रथिन कोणत्या पद्धतीने टिपले जाते, या साऱ्यांचा परिणाम होतो. शिवाय श्वसनमार्गात प्रत्यक्ष असलेले सगळे ग्लायकन पट्टीवर नसतात. अलीकडचे एच३एन२ विषाणू आल्फा २-६ जोडणीच्या आखूड साखळ्यांना फारसे चिकटत नाहीत, लांब साखळ्याच त्यांना आवडतात. पट्टीवर लांब साखळ्या नसत्या, तर हे विषाणू माणसाला ओळखतच नाहीत असा उलटा निष्कर्ष निघाला असता.

चिकटणे म्हणजे साथ पसरणे नव्हे, हेही तितकेच खरे. पेशीत शिरल्यावर विषाणूला स्वतःच्या प्रती काढता याव्या लागतात, हवेत तग धरावा लागतो, माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवावे लागते. त्यासाठी त्याच्या इतर प्रथिनांतही बदल घडावे लागतात. टेक्सासच्या विषाणूत जो बदल संशोधकांनी हेतुपुरस्सर घडवला, तो निसर्गात घडेलच असे नाही आणि घडला तरी साथ अटळ ठरत नाही. स्क्रिप्सच्या संशोधकांनीही ही बाब स्पष्ट केली आहे.

तरीदेखील शेकडो बदलांतून कोणत्या बदलावर नजर ठेवायची, हे ठरवण्यासाठी या पट्टीचा आधार मोठा आहे. कोंबड्या, गाई किंवा माणसाकडून घेतलेल्या नमुन्यातील विषाणूचा जनुकक्रम आता अल्पावधीत कळतो. परंतु जनुकक्रमातील अक्षर बदलले म्हणजे विषाणूचे वर्तन बदलले का, हे अक्षरांवरून समजत नाही. ते प्रथिन बनवून शर्करांसमोर ठेवावे लागते. नवापूरच्या वेळी हे तंत्र बाल्यावस्थेत होते. आज पुढचा उद्रेक कोठेही झाला तरी विषाणू माणसाच्या किती जवळ आला आहे, हे जिवंत विषाणू न हाताळता तपासता येते. त्यासाठी मेलेल्या कोंबड्यांची खबर वेळेवर कळवणारा कुक्कुटपालक, नमुना घेणारा पशुवैद्यक आणि जनुकक्रम लगेच खुला करणारी प्रयोगशाळा ही आधीची साखळी मात्र अखंड राहायला हवी. नमुनाच पोहोचला नाही, तर काचपट्टीवर तपासायला काही उरत नाही.